साक्ष कोणाची आणि कशाची?

‘साक्ष’ हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी विशेष वजनाने उच्चारला जातो. एक न्यायमंदिरात आणि दुसरा ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत. न्यायमंदिरातील साक्ष सर्वांच्या परिचयाची आहे. ख्रिस्ती मंडळींतील चाल अशी की, प्रार्थनेस जमलेल्या लोकांतून एखादा कारागीर, एखादी परिचारिका किंवा एखादी वृद्ध बाई उठते आणि आपल्या आयुष्यात ईश्वराने काय केले, आपण पूर्वी कसे होतो व आता कसे आहो, हे चार माणसांपुढे सांगते. तेथे पदवी लागत नाही, ग्रंथाधार लागत नाही, वक्तृत्वही लागत नाही. जे भोगले ते सांगावयाचे, एवढीच अट. ह्या सांगण्यासच ते लोक ‘साक्ष देणे’ म्हणतात. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नाही. तरीपण ह्या चालीत सर्व समाजाने विचार करण्याजोगे काही आहे असे आम्हांस वाटते, आणि ज्या मालेगावात मंदिर, मशीद व चर्च यांमधून एकच मोसम नदी वाहते, त्या गावात तर तो विचार अवश्य झाला पाहिजे, म्हणून आज हा विषय हाती घेतला आहे.

ह्या चालीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो, धर्म ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणातील गोष्ट. ती चारचौघांत सांगण्याचे प्रयोजन काय? दुसरा पक्ष म्हणतो, ही साक्ष म्हणजे भोळ्या लोकांस धर्मांतराकडे ओढण्याचे गोड साधन होय. ती बंद पाडावी हेच बरे. पहिला पक्ष तुच्छतेने कान बंद करतो आणि दुसरा भीतीने. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे. साक्ष म्हणजे काय, ती खरी केव्हा व खोटी केव्हा, याचा विचार दोघांनीही केलेला नाही. हा विचार करण्यास वकिलाचे थोडेसे शास्त्र उपयोगी पडते.

१८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याचे ६० वे कलम असे होते की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर ज्याने ती स्वतः पाहिली त्याने सांगावे. ऐकण्याची असेल तर ज्याने ती स्वतः ऐकली त्याने सांगावे. ‘मला अमक्याने सांगितले’ ही भाषा सामान्यतः चालावयाची नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण हा नियम जसाच्या तसा कायम राहिला, केवळ कलमाचा आकडा बदलून ५५ झाला. दीडशे वर्षांत राज्य बदलले, राज्यघटना आली, कायद्याचे नावही बदलले. परंतु ‘स्वतः अनुभवलेले तेवढेच बोल’ हा नियम बदलावा असे कोणासही वाटले नाही. याचे कारण उघड आहे. ऐकीव गोष्टीची उलटतपासणी करता येत नाही. जो समोर उभा आहे आणि ज्याने स्वतः पाहिले आहे, त्यालाच प्रश्न विचारता येतो.

हाच नियम धर्माच्या प्रांतात लावून पाहा. धर्माविषयी जे बोलणे आपल्या कानांवर पडते त्यातील फार मोठा भाग ऐकीव असतो. अमक्या आचार्यांनी असे म्हटले, तमक्या ग्रंथात तसे लिहिले, आमचे पूर्वज असे होते, तुमचे पूर्वज तसे होते! ह्या सर्व वादांत बोलणाराने स्वतः काय पाहिले हे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. उलट साक्ष देणारा मनुष्य निदान आपल्यापुरते तरी बोलतो. तो खोटे बोलत असेल, भ्रमात असेल, अतिशयोक्ती करीत असेल. परंतु ते तपासण्याचा मार्ग मोकळा असतो, कारण तो आपल्याच गावचा, आपल्याच आळीतला असतो आणि त्याचे पूर्वीचे वर्तन व आजचे वर्तन शेजाऱ्यांस ठाऊक असते. वर्षांपूर्वी दारू पिऊन घरी भांडणारा मनुष्य ‘मी बदललो’ असे म्हणू लागला, तर ते खरे की खोटे हे त्याच्या बायकोस विचारावे. धर्मशास्त्र चाळण्याची गरज नाही.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातच याचा एक फार सुंदर नमुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याची कथा आहे. त्यास दृष्टी आली, आणि ती शब्बाथाच्या दिवशी आली म्हणून धर्माधिकाऱ्यांनी चौकशी मांडली. आईबापांस बोलावले. आपण वाळीत पडू ह्या भीतीने त्यांनी अंग काढून घेतले आणि मुलगा जाणता आहे, त्यालाच विचारा, असे सांगितले. मुलास दोनदा बोलाविले, धमकाविले, आणि ज्याने तुला बरे केले तो पापी आहे असे कबूल कर म्हणून दटाविले. त्या मनुष्याने जे उत्तर दिले ते प्रत्येक साक्षीदाराने ध्यानात ठेवावे असे आहे. तो पापी की पुण्यवान हे मला माहीत नाही, पण मी आंधळा होतो व आता मला दिसते एवढे मात्र मी जाणतो, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावयाचे, आणि जे ठाऊक आहे त्यावरून रेसभरही हटावयाचे नाही! कोणत्याही वकिलास असा साक्षीदार अशिलाच्या बाजूने असावा असे वाटेल आणि विरुद्ध बाजूस असल्यास त्याची धास्ती वाटेल. शेवटी त्यास मंडळीबाहेर घालविले. ग्रीक भाषेत साक्षीदारास जो शब्द आहे, त्यालाच पुढे धर्मासाठी प्राण देणारा हुतात्मा असा अर्थ आला, तो काही उगीच नव्हे.

आता साक्षीचा दुसरा गुण पाहू. आपल्या हिताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट मनुष्य सहसा खोटी सांगत नाही. म्हणून अशा विधानास न्यायाधीश जास्त वजन देतात. ज्या साक्षीत सांगणाराचा मोठेपणाच केवळ दिसतो ती ऐकताना शहाण्याने सावध राहावे. जीत त्याची लाज, त्याचा हट्ट व त्याचे पडणेझडणेही दिसते ती लक्ष देऊन ऐकावी. येशूचा पट्टशिष्य पेत्र याने ऐन संकटाच्या रात्री आपल्या गुरूस ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितले, ही हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. पंथाच्या पुढाऱ्याची ही नामुष्की झाकून ठेवणे अनुयायांस कठीण नव्हते. त्यांनी ती झाकली नाही, म्हणूनच त्यांच्या बाकीच्या सांगण्यास वजन आले.

ह्या कसोटीस उतरणारी साक्ष शोधण्यास आम्हांस परदेशी जावयास नको. ती आमच्या नाशिक जिल्ह्यातच आहे. नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपाने भागशः प्रसिद्ध होऊ लागली. बाईंस शाळेचे शिक्षण असे जवळजवळ नव्हतेच. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याखेरीज घरात यावयाचा नाही. पती नारायण वामन टिळक हे मोठे कवी. पण त्यांचा स्वभाव शीघ्रकोपी, हात उदार आणि पाय घरात न ठरणारा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीवर आकाश कोसळले. त्या काही वर्षे लहानग्या मुलास घेऊन निराळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्यावरही आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. जातिभेद ईश्वराने केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कोणास न विचारता स्वतःच्याच मनाशी सोडविला, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या ग्रंथात लक्ष्मीबाईंनी काय लपविले? पतीचा राग लपविला नाही, स्वतःचा भाबडेपणा लपविला नाही, पतीच्या धर्मांतराने आपणांस झालेले दुःख लपविले नाही, आणि सोडून आलेल्या घरादाराविषयीची मायाही लपविली नाही. जुन्या धर्मास शिव्या नाहीत, नव्या धर्माची जाहिरात नाही. म्हणूनच हिंदू घरांतून हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने वाचला गेला आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना झाली. तो वाचून सहस्रावधी ब्राह्मण ख्रिस्ती झाले असे कोणी ऐकले आहे काय? तसे काही झाले नाही. झाले ते एवढेच की, ज्या घरातील मनुष्य धर्म सोडून गेला त्या घराचे दुःख आणि जो गेला त्याचेही दुःख, ही दोन्ही एकाच पुस्तकात महाराष्ट्रास पाहावयास मिळाली. समाजाच्या दृष्टीने हा लाभ थोडा आहे असे आम्हांस वाटत नाही. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ सालचे, म्हणजे त्याहूनही जुने. मराठी आत्मचरित्राच्या वाटेवरील पहिल्या काही पाऊलखुणा ख्रिस्ती साक्षीच्या आहेत, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक कठीण आहे, म्हणून ते टाळणे योग्य होणार नाही. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्च १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो ह्या कारणावरून १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारख्या सुधारकांनीही सदनाशी असलेला संबंध सोडला. सनातन्यांचे सोडा, पण रमाबाईंचा मोठेपणा जाणणारी ही मंडळी दूर झाली, त्या अर्थी त्यांच्या शंकेत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. आईबापांनी शिक्षणासाठी विश्वासाने सोपविलेल्या मुलींच्या बाबतीत आश्रयदात्रीची श्रद्धा आणि आश्रिताचे स्वातंत्र्य यांतील रेषा फार बारीक असते. परंतु त्याच रमाबाईंनी १९०७ साली आपली जी साक्ष प्रसिद्ध केली, ती वाचणारास एक गोष्ट विशेष दिसते. बाप्तिस्मा घेऊन पुष्कळ वर्षे लोटेपर्यंत आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या स्पष्टपणे सांगतात. ज्यांच्या बाप्तिस्म्यावरून देशभर एवढे वादळ उठले, त्यांनी स्वतःच तो बाप्तिस्मा पुरेसा नव्हता असे म्हणावे, यास धैर्य लागते. मिशनऱ्यांस हे कितपत रुचले असेल याची पर्वा त्यांनी केली नाही. संस्थेच्या कारभाराविषयी मतभेद राहोत. पण ही साक्ष प्रामाणिक आहे असे विरोधकासही म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, ही चाल मुळात परदेशी आहे. हेही खरे नाही. नवविधा भक्तीत शेवटची पायरी ‘आत्मनिवेदना’ची आहे. तुकोबांनी आपल्या अभंगांतून दुष्काळात बुडालेला धंदा, अन्नावाचून गेलेली बायको, लोकांत झालेली फजिती, हे सर्व जगापुढे मांडले. तुकोबांसच स्वप्नात गुरू मानणाऱ्या बहिणाबाई शिऊरकर यांनी सतराव्या शतकात आपली सारी जीवनकथा अभंगांत सांगितली, आणि तीत ब्राह्मण पतीचा विरोध व त्याने केलेला छळही आला आहे. वारकऱ्याने फडावर जे केले तेच ख्रिस्ती मनुष्य चर्चमध्ये करीत असेल तर ते परके कसे? नारायण वामन टिळकांनी भजन व कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणले, तेव्हा त्यांस हे नाते पक्के ठाऊक होते.

साक्षीची थोरवी येथवर सांगितली. आता तिची मर्यादा सांगितली नाही तर आमचे काम अर्धे राहील. पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या २४ व्या कलमात असे होते की, लालूच, धमकी किंवा वचन यांमुळे आरोपीने दिलेला कबुलीजबाब ग्राह्य धरावयाचा नाही. नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. मालेगावकरांस ह्या तत्त्वाची किंमत पुस्तकातून शिकावयास नको. सप्टेंबर २००६ मध्ये ह्या गावात बाँबस्फोट झाले. ज्यांस पकडण्यात आले त्यांनी दिले म्हणून जे कबुलीजबाब पुढे आले, ते त्यांनी पुढे नाकारले. आणि अनेक वर्षे तुरुंगात काढल्यानंतर २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांस आरोपमुक्त केले. २००८ सालच्या स्फोटाच्या खटल्यात तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. त्या खटल्यांच्या गुणदोषांत आज शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र ह्या गावास कायमचे कळले आहे की, दबावाखाली वदविलेली साक्ष आणि ऐन वेळी गिळलेली साक्ष, ह्या दोहोंमुळेही मेलेल्यांस न्याय मिळत नाही आणि जिवंतांचा विश्वास उडतो.

धर्माच्या साक्षीसही हेच लागू आहे. नोकरी, शाळेतील जागा, औषधपाणी किंवा लग्न यांची आशा दाखवून वदविलेली साक्ष ही साक्षच नव्हे. अजाण मुलाच्या तोंडची साक्षही नव्हे. १८४३ साली मुंबईस श्रीपत शेषाद्री नावाचा अल्पवयीन ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तेव्हा त्याच्या बापास सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली. कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्र्यांचा रोष पत्करून त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली. त्या मुलाच्या मनात काय होते हा प्रश्न वेगळा. पण ज्याचे वयच निर्णय करण्याचे नाही त्यास साक्षीस उभे करू नये, हा धडा त्या प्रकरणाने दिला. तसेच रोग बरे झाल्याच्या साक्षीचे. प्रार्थनेने मनास धीर आला असे कोणी म्हटले तर तो त्याचा अनुभव. त्यावर आमचा वाद नाही. परंतु औषध सोडा, डॉक्टरकडे जाऊ नका, अमक्याच्या हस्तस्पर्शाने क्षयरोग जातो, असे सांगून कोणी पैसा मिळवू लागला तर तो अनुभव राहत नाही, तो धंदा होतो. अशा चमत्कारांच्या धंद्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ साली केला आहे. तो बुवा, बाबा, मौलवी व पाद्री ह्या सर्वांस सारखाच लागू आहे.

उलट निर्लोभ साक्षीचे उदाहरण पाहावयाचे असेल तर पुन्हा टिळकांकडेच वळावे लागते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व तिचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यात स्थान होते. पगार घेऊन ख्रिस्ताचे नाव सांगितले की लोक पगाराकडे पाहतात, नावाकडे पाहत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या देशभक्त अंतःकरणास डाचली असली पाहिजे. १९१९ साली ते वारले. त्यांच्या संस्थेचे काय झाले यापेक्षा, साक्षीदाराने आपले हात रिकामे असल्याचे दाखवून मग बोलावे, हा त्यांचा दंडक आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

राष्ट्रीय वृत्तीच्या कित्येक मित्रांस अद्यापि धास्ती वाटते. त्यांस राज्यघटनेचे २५ वे कलम आठवण करून देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांस अधीन राहून आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा अर्थ स्पष्ट केला. आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यांस समजावून सांगणे हा प्रसार होय; दुसऱ्यास आपल्या धर्मात ओढून आणण्याचा मूलभूत हक्क मात्र त्यातून निघत नाही. म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी बोलणे हे कायद्याच्या संरक्षणात आहे आणि साक्ष हा त्या बोलण्यातील सर्वांत निरुपद्रवी प्रकार होय. ज्या राष्ट्रास एका बाईचा किंवा एका मजुराचा अनुभव ऐकण्याचीही भीती वाटते, त्या राष्ट्राचा धर्म बळकट आहे असे कोण म्हणेल? आमचा हिंदुधर्म किंवा आमच्या मुसलमान बांधवांचा इस्लाम इतका ठिसूळ नाही की शेजाऱ्याने आपली हकीकत सांगताच तो कोसळावा.

महात्माजी ख्रिस्ती प्रचारकांस म्हणत की, गुलाबास आपल्या सुवासाचे व्याख्यान द्यावे लागत नाही. तुमचे जीवनच बोलू द्या. हा उपदेश योग्यच होता. पण त्याच महात्माजींनी १९२५ पासून ‘नवजीवन’ पत्रात आपले सत्याचे प्रयोग क्रमशः लिहिले, त्यात आपले दोष उघडे केले आणि दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती मित्रांशी झालेल्या चर्चाही दिल्या. जीवन बोलते हे खरे. पण त्या जीवनात काय चालले होते हे सांगावयास कधीकधी जिभेची आणि लेखणीची मदत घ्यावी लागते. जीवनावाचून साक्ष पोकळ आहे, आणि साक्षीवाचून जीवन शेजाऱ्यास नेहमीच कळते असे नाही.

आता मालेगावाकडे येऊ. ह्या गावास ख्रिस्ती लोक आजचे नवखे नाहीत. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकप्रमाणे येथेही चालत असे. मागावर बसणारे अन्सारी, बाजारहाटास येणारे कसमाद्याचे शेतकरी, कॅम्पातील नोकरदार, अशी नाना तऱ्हेची माणसे ह्या गावात आहेत आणि मराठी, उर्दू, अहिराणी अशा तीन बोली येथे कानावर पडतात. शेजारी शेजाऱ्याचा सण ओळखतो, त्याचे अंतःकरण ओळखत नाही. दंग्याच्या काळात शांतता समित्या भरतात, हार घातले जातात, ऐक्यावर भाषणे होतात. ती भाषणेही बहुधा ऐकीवच असतात. ह्या ठिकाणी आम्ही एक जुना प्रयोग सुचवितो. अमेरिकन मिशनरी स्टॅन्ली जोन्स हे हिंदुस्थानात निरनिराळ्या धर्मांच्या सुशिक्षितांच्या बैठका भरवीत. १९२८ साली त्यांनी त्यांवर पुस्तकही लिहिले. बैठकीत ख्रिस्ती थोडे व इतर धर्मांचे लोक अधिक असत. नियम असा की, वाद घालावयाचा नाही, उपदेश करावयाचा नाही, दुसऱ्याच्या धर्मावर टीका करावयाची नाही. आपल्या धर्माने प्रत्यक्ष अनुभवात आपणांस काय दिले तेवढेच प्रत्येकाने सांगावयाचे. मोठमोठे पंडित अशा वेळी अडखळत असतील यात नवल नाही.

अशी बैठक मालेगावात का भरू नये? वाचनालयाच्या दिवाणखान्यात दहा-पंधरा माणसे बसावीत. त्यांत एक ख्रिस्ती शिक्षिका असावी, एक हाफिज असावा, एक माळकरी असावा, एक बौद्ध तरुण असावा, आणि ज्याचा कोणत्याच देवावर विश्वास नाही असाही एखादा असावा. प्रत्येकाने पाव घटका बोलावे. नियम पुराव्याच्या कायद्याचेच असावेत: स्वतः अनुभवलेले तेवढेच सांगावे, स्वतःचे उणे झाकू नये, कोणाच्या दबावाने किंवा कोणत्याही आशेने बोलू नये, आणि ऐकणाराने सभ्यपणे प्रश्न विचारल्यास रागावू नये. हिशेब ठेवावयाचा तो कोण कोणाच्या धर्मात गेला याचा नव्हे. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्यावर कोणी कोणाची विचारपूस केली, याचा ठेवावा.

ख्रिस्ती बांधवांस आमचे सांगणे एवढेच की, तुमच्या ह्या चालीचा अभिमान बाळगा. पण ती चर्चच्या चार भिंतींत आणि ठराविक शब्दांत अडकवून ठेवू नका. ‘पूर्वी मी अंधारात होतो, आता प्रकाशात आलो’ हे वाक्य पाठ झाले की साक्षीतील सत्त्व संपते. कोणता अंधार, कोणत्या घरात, कोणत्या सालचा, हे सांगा. ज्या आईवडिलांस सोडून आलात त्यांचे दुःखही सांगा. प्रकाशात आल्यावरही जे अंधारे कोपरे राहिले, मंडळीतही जो जातिभेद शिल्लक राहिला, तो लपवू नका. तो लपविलात तर पहिली साक्ष कोणी खरी मानणार नाही. आणि ती आपल्या घरच्या मराठीत सांगा, लक्ष्मीबाईंनी सांगितली तशी.

ऐकणारांस सांगणे असे की, ऐकल्याने कोणी बाटत नाही. शोमरोनी बाईच्या बोलण्यावरून तिच्या गावचे लोक येशूकडे गेले. पण पुढे त्यांनी तिला सांगितले की, आता तुझ्या सांगण्यावर आमची भिस्त नाही, आम्ही स्वतः ऐकून पाहिले आहे. साक्षीचा अधिकार एवढाच आहे. ती मनुष्यास दारापर्यंत नेते. आत जावयाचे की परत फिरावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. ह्या गावचे विणकर कापड घेणारास सुलट बाजू दाखवितात, आणि जाणता गिऱ्हाईक ते उलटून पाहतो. उलट बाजू पाहू देणारा विणकर प्रामाणिक, आणि पाहिल्यावाचून माल नाकारणारा गिऱ्हाईक अडाणी. धर्माच्या बाबतीत मालेगावाने दोन्हीकडून हा व्यवहार शिकावा, अशी आमची सूचना आहे.